पारा उतरला की चढला

शेटे सरांनी त्यांच्या प्रयोगशाळेतले पंखे बंद करायला सांगितले की आमच्या भौतिकशास्त्राच्या बाजूला लगेच कळायचं. दोन्ही प्रयोगशाळांमध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत कधीच नीट न लागणारं एक दार. पलीकडची खडखड थांबायची, पाठोपाठ पोरांचा एक लांब सुस्कारा ऐकू यायचा आणि मग सरांचा आवाज यायचा, "खिडक्यासुद्धा." माजलगावच्या उन्हात बंद खिडक्यांच्या खोलीत बारावीची अख्खी बॅच घाम पुसत उभी राहायची. का, तर पाण्यात क्षार विरघळताना पारा किती हलतो ते मोजायचं होतं, आणि वाऱ्याची झुळूक आली तर म्हणे आकडा बाटतो. 'बाटतो' हा त्यांचाच शब्द. आमच्या घरी सोवळंओवळं माझ्या आजेसासूबरोबर संपलं, कॉलेजात ते शेटे सरांनी चालू ठेवलं होतं.

मी लग्न होऊन माजलगावला आले आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग, आणि वरच्या खिशात जिथे इतरांचं पेन असतं तिथे बांबूची एक बारीक नळी. त्या नळीत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर असायचा. कॉलेजचे बाकीचे थर्मामीटर एकेका अंशाचे. हा एकटाच अंशाचा दहावा भाग दाखवणारा होता आणि तो सरांनी कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नाही. पोरं त्यांना पाठीमागे 'पारा सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, ते आवडायचंही.

त्यांचं सगळं प्रेम एकाच प्रयोगावर होतं. ॲल्युमिनियमचा पेला घ्यायचा, तो एका मोठ्या डब्यात ठेवायचा आणि मधल्या जागेत कापूस ठासायचा. कापूस पोरं घरून आणायची, त्याला आमच्याकडे तोटा नव्हता. पेल्यात मोजून पाणी, पाण्यात थर्मामीटर. मग तोलून घेतलेला क्षार टाकायचा, ढवळायचं आणि बघत राहायचं. काही क्षार विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात, पाणी गार पडतं. काही उलट उष्णता सोडतात, पाणी तापतं. फरक किती पडला यावरून गणित करून उष्णता काढायची. एवढंच. माझ्या लेखी हा अर्ध्या तासाचा प्रयोग होता. सरांच्या लेखी त्यात माणसाची सगळी परीक्षा होती.

"किती उतरला?" ते पोराला विचारायचे.

"पाच, सर."

"पुस्तकातले पाच का पेल्यातले पाच?"

पोरगं घुटमळायचं. "पेल्यात साडेचार आले, सर."

"मग साडेचार लिही. पुस्तक छापणाऱ्याचा पेला वेगळा होता."

दुसरा त्यांचा हट्ट चिन्हाचा. आकडा नंतर, आधी अधिक की उणे ते लिहायचं. कुणी चिन्ह विसरलं तर सर वही परत ढकलायचे आणि म्हणायचे, "उन्हाळा हाय का हिवाळा तेवढं तरी सांगा." एरवी ते प्रमाण मराठी बोलत, फार नेटकं बोलत. पण जीव गुंतला की त्यांच्या गावची, तलवाड्याची बोली वर यायची. मीही मग त्यावरूनच ओळखायला लागले की आता गंमत चाललेली नाही.

माझ्यावरही ही जरब चालायची. स्टाफरूममध्ये मी एकदा सहज म्हणाले, चहा गार झाला. त्यावर त्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "किती, बाई?" मला इतका राग आला की मी तो चहा तसाच पिऊन टाकला. एकदा सरांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोला हे सांगितलं तर ती बिचारी म्हणाली, "तुमी सुटता हो पाच वाजता. मला तर सैपाकघरात बी विचारतेत."

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. ऊस, कारखान्याचं राजकारण, दोन ट्रॅक्टर, एक जीप आणि संस्थेतल्या प्रत्येक शिपायाचं नाव पाठ. त्यांचा आणि सरांचा पहिला खटका मी स्वतः पाहिला. आबासाहेब मुंबईचे कुणी मोठे पाहुणे घेऊन कॉलेज दाखवायला आले होते. प्राचार्य पुढे, हारवाला शिपाई मागे. रसायनशास्त्राचं दार उघडलं तर आत सर पेल्यावर वाकलेले. त्यांनी वर बघितलंही नाही, नुसता हात वर केला.

"दार लावा. आत या न्हाईतर बाहेर थांबा, पण दार लावा."

पाहुणे, आबासाहेब, प्राचार्य, सगळे आत आले आणि पंखे बंद असलेल्या त्या खोलीत हाताची घडी घालून उभे राहिले. सर पारा बघत होते आणि आम्ही सरांकडे. शेवटी त्यांनी आकडा लिहिला, चिन्हासकट, आणि हसून म्हणाले, "हं. नमस्कार." पाहुण्यांना मोठी मौज वाटली. आबासाहेबही हसले. पण जाताना प्राचार्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर लई तयारीचा हाय तुमचा. बघू कधी तरी." सरांनी तोवर दुसऱ्या पोराचा पेला हातात घेतला होता.

नव्वदीचे ते दिवस. गावात एसटीडीचे पिवळे बूथ आले, झेरॉक्सची दुकानं आली, केबलच्या तारा गच्च्यांवरून लोंबायला लागल्या. आणि पोरांना नव्याने कळलं की डॉक्टर-इंजिनियर होणं ही फक्त मोठ्या शहरातल्यांची मिरास नाही. त्या वेळी बारावीच्या मार्कांवरच मेडिकलचा प्रवेश ठरायचा आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्यात धरले जायचे. एकेका मार्काला लोक जीव टाकत. साहजिकच प्रॅक्टिकलचे मार्क मोजण्यापेक्षा मिळवायची गोष्ट झाली. बाहेरून परीक्षक येई, त्याला आम्ही एक्स्टर्नल म्हणायचो. त्याचं जेवण आबासाहेबांच्या मळ्यात होई, आणि प्रयोगाची उत्तरं आधीच चिठ्ठीवर फिरत. सरांनी पहिल्यांदा आरडाओरडा केला, मग अर्ज केले, मग गप्प झाले. मला एकदा म्हणाले, "चिठ्ठी मी थांबवू शकत नाही, बाई. पण जो मोजेल त्याला माझ्या हातून खोटं ठरवलं जाणार नाही."

हे वाक्य मला तेव्हा जरा भाषणासारखं वाटलं होतं. त्याचं मूळ मला दिवाळीच्या आधी एका दुपारी कळलं.

प्रयोगासाठी शुद्ध क्षार विकत घेण्याची कॉलेजची ऐपत नव्हती, म्हणजे इच्छा नव्हती. म्हणून सर किराणा दुकानातला धुण्याचा सोडा आणायचे, तो गरम पाण्यात विरघळवून, गाळून, थंड करून त्याचे स्वच्छ खडे पाडायचे. खडीसाखरेसारखे दिसायचे ते. मग बाटलीत भरून, बूच लावून, वरून मेणबत्तीचं मेण ओतून ती बाटली बंद करायचे. मी दारात उभी राहून म्हटलं, "सर, लोणचं घालताय की सोडा?"

ते मेण ओतत राहिले आणि म्हणाले, "या खड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, बाई. कोरडी हवा लागली की ते उडून जातं. खड्याची भुकटी होते. दिसायला सोडाच, पण पाण्यात टाकला की उलटा वागतो. खडा पाणी गार करतो, भुकटी तापवते."

"मग तापवू दे की."

त्यावर त्यांनी मेणबत्ती विझवली आणि तलवाड्याच्या दुकानाची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दुकानात दगडू नावाचा तोलाईवाला, सर त्याला मामा म्हणायचे. उन्हाळ्यात सोड्याचं पोतं फोडून ठेवलं होतं आणि ते दर वेळी वजनात घटायचं. विकलेला आणि उरलेला सोडा मिळून बेरीज जुळेना. वडील तापट. त्यांनी भर बाजारात दगडूवर चोरीचा आळ घेतला. दगडू म्हणाला, "मालक, मी रोज तोलतो, त्यो आपोआप कमी व्हतो." सगळा बाजार हसला. सोडा काय पाय फुटून जातो का, असं वडील म्हणाले. दगडूने बायकामुलांसकट गाव सोडलं.

"मी बी.एस्सी.ला गेलतो तेव्हा कळलं," सर म्हणाले. "गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, आणि मला बसवेना. सुट्टीत घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, मग आता काय करू? मी दगडूमामाला लई हुडकलं. न्हाई सापडला."

मग त्यांनी मेण नीट बसलं का ते अंगठ्याने दाबून बघितलं आणि बाटली परीक्षेसाठी म्हणून कपाटात मागे ठेवली.

आता जाधवाबद्दल. जाधव वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. तरुण, हसतमुख, रसायनशास्त्र शिकवायला कंत्राटावर नेमलेला, आणि बसस्टँडजवळ त्याचा स्वतःचा क्लास होता. आबासाहेबांचा पुतण्या त्याच क्लासला होता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आबासाहेबांच्या शब्दावर त्याला प्रयोगशाळेची किल्ली मिळाली. त्याने सरांच्या त्या ताज्या बाटलीचं मेण फोडलं, प्रयोग केला, आणि अगदी बरोबर केला. पाणी पाच अंशांनी गार झालं. त्याने सगळी निरीक्षणं सुवाच्य अक्षरात लिहून काढली, त्यांच्या झेरॉक्स क्लासच्या पोरांना वाटल्या, आणि बाटलीला बूच नुसतं टेकवून ठेवलं. मेण परत लावायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. आमच्याकडची हिवाळ्याची हवा ओठ फोडते, ती सोड्याला काय सोडणार.

प्रॅक्टिकल परीक्षेला सरांना दुसऱ्या गावी एक्स्टर्नल म्हणून पाठवलं गेलं. दर वर्षी कुणी ना कुणी जायचं, त्यामुळे त्यात काही खोट काढता येत नव्हती. कॉलेजच्या बाजूचा परीक्षक म्हणून जाधव बसला. शिपायाने सकाळी बाटलीतला सोडा काढला. तो एव्हाना भुसभुशीत झाला होता, उरलेसुरले खडे त्याने पोरांच्या सोयीसाठी कुटून टाकले. पांढरी भुकटी टेबलाटेबलावर गेली. पोरांनी पेल्यात पाणी घेतलं, सोडा टाकला, जरा ढवळल्यासारखं केलं, आणि झेरॉक्सवरचं पाठ केलेलं उतरवून काढलं. पाच अंश उणे. कुणी पावणेपाच, कुणी पाचाला जरा वर, एवढी अक्कल जाधवाने शिकवली होती. पाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही.

छाया सोडून. छाया कालव्याकाठच्या एका गावातून सायकलवर यायची. वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, क्लास लावणं शक्य नव्हतं. तिला मेडिकलला जायचं होतं आणि अभ्यासात ती तशी होतीही. पण प्रॅक्टिकलला नापास म्हणजे बारावीलाच नापास. घरून शहरात शिकायला पाठवायची तयारी एकदाच झाली होती, ती परत होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दारातून मला एक्स्टर्नलचा आवाज ऐकू आला.

"हा सोडा विरघळताना उष्णता घेतो की देतो?"

"घेतो, सर."

"मग तुझा पारा दोन अंश चढला कसा?"

"ते न्हाई माहीत. पण चढला."

"असा चढत नसतो."

"सर, परत करून बघितलं. परत चढला."

"थर्मामीटर वाचायला शिकवलंय का तुला कुणी?"

पोरं हसली. कुणीतरी मोठ्याने हसलं. थोड्या वेळाने छाया माझ्या दारात येऊन उभी राहिली. रडत नव्हती, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मॅडम, शेटे सर कवा येतेत?"

एक्स्टर्नल बरा माणूस होता, पण त्याला संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं आणि त्याआधी मळ्यात जेवायचं होतं. गुणपत्रक पाकिटात घालून लाखेचं सील लागलं की संपलं, मग ते उघडायची ताकद आमच्यात कुणाची नव्हती. मी छायाला स्टुलावर बसवलं आणि पलीकडे चहा पाठवला. मग आणखी एकदा चहा पाठवला. मग स्वतः जाऊन एक्स्टर्नलकडे त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली. खरं सांगायचं तर मला काहीच माहीत नव्हतं, छाया बरोबर आहे की चूक तेही. मला फक्त एवढं दिसत होतं की ती पोरगी दोनदा मोजून आली होती.

सर आले तेव्हा केसांत धूळ, हातात पिशवी. छायाने उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिन्ह काय लिहिलंस?"

"अधिक."

"खोडलं का नंतर?"

"न्हाई, सर."

"सोडा कसा व्हता? खडे का भुकटी?"

"भुकटी. खडूवानी."

सरांनी डोळे मिटले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि ते मधल्या दारातून पलीकडे गेले. मी मागोमाग गेले.

टेबलाशी एक्स्टर्नल, जाधव, आणि जेवायला न्यायला आलेले आबासाहेब. जाधवाच्या हातात लाखेची कांडी, मेणबत्ती पेटलेली.

"सील लावू नका," सर म्हणाले.

एक्स्टर्नल त्रासून म्हणाले, "तुमचा काय संबंध, सर? तुम्ही आज इथे परीक्षक नाही."

"बाटली माझी हाय."

ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याची बटणं बंद केली. आबासाहेब खुर्चीत सावरून बसले. "कावून बंद करता, मास्तर?"

सरांनी पेल्यात थोडंसं पाणी घेतलं, एक्स्टर्नलला त्यात बोट बुडवून बघायला लावलं. मग बाटली उपडी करून उरलेली भुकटी चांगली मूठभर पाण्यात टाकली आणि काचेच्या कांडीने ढवळायला लागले. थर्मामीटर खिशातून काढलाच नाही. बराच वेळ कांडीचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी तो पेला आबासाहेबांच्या दोन्ही हातांत दिला.

"काय वाटतं?"

आबासाहेबांनी पेला धरून ठेवला. "गरम हाय," ते म्हणाले.

जाधवाचा चेहरा उतरला. एक्स्टर्नलने पेल्याला हात लावला आणि बोलायला सुरुवात केली, "म्हणजे मग बाकीच्या मुलांनी..." बाकीच्या बॅचने काय केलं ते आता खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. आबासाहेबांना तर पहिल्यांदा कळलं असावं. रसायन त्यांना येत नव्हतं, माणसं येत होती.

त्यांनी पेला सावकाश टेबलावर ठेवला. "मास्तर, पोरगी खरी हाय. मान्य. तिला पैकीच्या पैकी द्या, माझी ना न्हाई. पण एका बाटलीतून दोन उत्तरं वर गेली तर उद्या चौकशी लागंल. सगळ्या बॅचचा निकाल अडकंल. त्यात पोरगीबी अडकंल. तिची औंदाची साल गेली तर कोण भरून देणार हाय, तुमी?"

वाईट हे होतं, की ते खरं होतं.

"तिला बलवा," आबासाहेब म्हणाले. "अधिकचं उणे करायचं, दोनाचे पाच. संपला इषय."

छाया आली. एक्स्टर्नलने तिचा कागद तिच्यापुढे सरकवला, पेन दिलं आणि काय करायचं ते सांगितलं. छायाने पेन घेतलं. मग तिने सरांकडे बघितलं.

सर बोलेनात. पंखे बंद होते, घामाचे ओघळ त्यांच्या मानेवरून शर्टात जात होते. ते तिला 'लिही' म्हणू शकत नव्हते आणि 'लिहू नको'ही म्हणू शकत नव्हते. मी मात्र मनात म्हणत होते, लिही गं बाई, लिही एकदाचं आणि डॉक्टर हो. मला त्या क्षणी खऱ्याखोट्याचं काही पडलं नव्हतं. त्या पोरीचं वर्ष वाचावं एवढंच वाटत होतं, आणि सरांचा संतापही येत होता, की हा माणूस तोंड का उघडत नाही.

"पेन इकडं दे," शेवटी सर म्हणाले.

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. लिहून झाल्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. परीक्षेसाठी सोड्याच्या दोन बाटल्या काढल्या होत्या. त्यातल्या एका बाटलीतला सोडा विभागप्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे हवा लागून खराब झाला होता आणि ती बाटली चुकून फक्त या विद्यार्थिनीच्या टेबलावर गेली. तिची निरीक्षणं त्या सोड्यासाठी बरोबर आहेत. इतरांची दुसऱ्या बाटलीतली आहेत. खाली सही, विश्वनाथ शेटे.

दुसरी बाटली नव्हती. त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. जो माणूस पोरांना साडेचाराचे पाच करू देत नव्हता, त्याने एक अख्खी बाटली आपल्या हाताने रचून लिहिली. एक्स्टर्नलला हायसं वाटलं, त्यांनी छायाचे मार्क खोडून पूर्ण मार्क लिहिले आणि कागद पाकिटात घातला. आबासाहेब म्हणाले, "थांबा, याची एक झेरॉक्स मला पाहिजे." मग सील लागलं.

"तुझं तसंच राहू दे," सर छायाला म्हणाले. "जा, उशीर व्हईल."

आबासाहेबांनी ती झेरॉक्स वाया घालवली नाही. जून उजाडला तसा सरांना निष्काळजीपणाबद्दल मेमो आला. विभागप्रमुखपद गेलं, प्रयोगशाळेची किल्ली गेली, आणि त्यांना संस्थेच्याच शाळेत आठवीच्या वर्गांना सामान्य विज्ञान शिकवायला दिलं. जाधव कायम झाला. सरांनी तक्रार केली नाही. मीच एकदा भांडले त्यांच्याशी. म्हटलं, चूक तुमची नव्हती, मग स्वतःच्या माथी का मारून घेतली? ते म्हणाले, "बाई, तिचा एक खरा आकडा कागदावर ऱ्हायला. त्याच्याभोवती कुंपण घालायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं." हे सांगताना त्यांना समाधान वाटत असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. त्यांच्या खिशातली बांबूची नळी त्या दिवसानंतर मी पुन्हा पाहिली नाही, आणि माझा चहा किती गार झाला हेही त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

छायाचं मेडिकल थोडक्यात हुकलं. ती शहरात फार्मसीला लागली, तिकडेच शिकली, आणि पदवी घेऊन एका औषध कंपनीत नोकरीला लागल्याचं मला तिच्या वडिलांनी बाजारात थांबवून सांगितलं.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले. शाळेच्या पटांगणात मांडव, स्टेजवर आबासाहेब, प्राचार्य, आणि आता विभागप्रमुख झालेले जाधव. आबासाहेब बोलायला चांगले होते. सरांचा कडकपणा, ती पंख्यांची गोष्ट, मुंबईच्या पाहुण्यांना ताटकळत ठेवल्याचा किस्सा त्यांनी इतका रंगवून सांगितला की पोरं हसून लोळली. शेवटी म्हणाले, "असा माणूस गावात पुन्हा व्हणार न्हाई. सबंद नोकरीत यांनी एक खोटा आकडा लिहिला न्हाई." टाळ्या झाल्या. मी आबासाहेबांचा चेहरा बघत होते. टोमणा होता की विसरले होते, की खरंच तसं वाटत होतं, मला आजही सांगता येणार नाही.

शाल, नारळ झालं. सर माइकपाशी आले. आभार मानतील म्हणून सगळे सैलावून बसले.

"आबासाहेब बोलले ते बरोबर न्हाई," सर म्हणाले. "मी एकदा खोटं लिहिलं. त्यांच्यासमोर लिहिलं. बारावीच्या परीक्षेत दोन बाटल्या व्हत्या असं मी सही करून दिलं. बाटली एकच व्हती. त्या दिवशी अख्ख्या बॅचमध्ये एका पोरीनं मोजलं, तिचं नाव छाया. बाकी कुणीबी मोजलं न्हाई."

जाधव मांडीवरच्या फुलांकडे बघत होते. आबासाहेब खुर्चीतून पुढे वाकले, आणि माइक चालू असल्यामुळे त्यांचा हळू आवाजही आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मास्तर, एवढी वर्षं गप ऱ्हायले. मग आताच कावून?"

"तिचं शिक्षण व्हायचं व्हतं," सर म्हणाले. "आता झालं."

एवढं बोलून ते स्टेजच्या पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांच्या मधून, कुणाकडेही न बघता, फाटकाकडे चालत गेले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी जाता जाता काढून काखेत धरली.